कॉपीराइट ‘काढायचा’ नसतो: कलाकृती ऑनलाइन टाकण्यापूर्वी समजून घ्यायच्या गोष्टी

कोल्हापुरात दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात चित्रांचे प्रदर्शन भरले, की तेथे भेटणारे तरुण चित्रकार एक प्रश्न हमखास विचारतात: ‘चित्र इन्स्टाग्रामवर टाकायचे आहे, पण त्याआधी कॉपीराइट कुठून काढायचा?’ कविता लिहिणारे, पोवाडे रचणारे आणि पहाटे रंकाळा तलावावर कॅमेरा घेऊन जाणारेही हेच विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण त्यातल्या ‘काढायचा’ या क्रियापदात एक मोठा गैरसमज आहे. आपण उत्पन्नाचा दाखला काढतो, रेशनकार्ड काढतो; म्हणजे कचेरीत अर्ज द्यायचा, शिक्का बसला की हक्क मिळाला आणि शिक्का बसेपर्यंत हातात काहीच नाही, अशी आपल्या मनाची घडण झाली आहे. कॉपीराइट असा कचेरीतून मिळत नाही. चित्र कागदावर उतरले, कविता वहीत लिहिली गेली, चाल फोनमध्ये ध्वनिमुद्रित झाली, त्या क्षणी तो हक्क निर्माण झालेला असतो आणि तो निर्मात्याचा असतो. प्रसिद्धीपूर्वी आपल्याला जे ‘काढून’ ठेवायचे असते तो हक्क नव्हे, तर त्या हक्काचा पुरावा. हा एक फरक मनात पक्का बसला की पुढचे बहुतेक सगळे सोपे होते.

आपल्याकडे या विषयाचा कायदा १९५७ चा आहे आणि तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्यात पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या. त्यांतली २०१२ ची कलावंतांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची म्हणावी लागेल. साहित्य, नाट्य, संगीत, चित्र-शिल्प-छायाचित्र यांसारख्या कलाकृती, चित्रपट आणि ध्वनिमुद्रण अशा प्रकारच्या कृतींना हा कायदा संरक्षण देतो. कृती तुमची स्वतःची असावी आणि ती कोणत्या तरी रूपात उतरलेली असावी, एवढीच मुख्य अट आहे. नोंदणीची सक्ती नाही, वर्तुळातल्या इंग्रजी ‘सी’च्या चिन्हाचीही सक्ती नाही. ते चिन्ह, पुढे वर्ष आणि आपले नाव लिहिणे मात्र चांगले, कारण ‘हे कोणाचे आहे ते मला ठाऊकच नव्हते’ ही सबब त्यामुळे दुबळी होते. भारत १९२८ पासून बर्न कराराचा, म्हणजे कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, सदस्य आहे, त्यामुळे कोल्हापुरात लिहिलेल्या कवितेला करारातल्या इतर देशांतही वेगळ्या नोंदणीशिवाय संरक्षण मिळते.

हक्क कशावर असतो हे नीट समजून घेणे अधिक गरजेचे आहे, कारण बहुतेक भांडणे येथेच सुरू होतात. हक्क कल्पनेवर नसतो. ती कल्पना तुम्ही ज्या शब्दांत, रेषांत किंवा सुरांत मांडली त्या मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात ही गोष्ट स्पष्ट केली. एका नाटककाराचे म्हणणे होते, की त्यांच्या नाटकावरून चित्रपट उचलला आहे. न्यायालयाने म्हटले, की विषय, कथाबीज आणि ऐतिहासिक घटना यांवर कोणाचाही एकाधिकार नसतो. दोन्ही कृती पाहिल्यावर सामान्य प्रेक्षकाला दुसरी ही पहिलीचीच नक्कल आहे असे निःसंशय वाटले पाहिजे. रंकाळ्याचा सूर्यास्त, त्यात शालिनी पॅलेसची सावली, काठावर एक म्हातारा, ही कल्पना शंभर जणांनी रंगवावी. कोणी कोणाची चोरी केली असे होत नाही. मात्र तुमच्या जलरंगातील तीच सावली, तोच म्हातारा, त्याच्या धोतराची तीच घडी आणि पाण्यावरचा तोच तिरका फटकारा कोणी जसाच्या तसा उतरवला, तर ती नक्कल झाली. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या साहित्याची यादी आणि प्रमाण यावर हक्क सांगता येत नाही, पण ती कृती तुम्ही ज्या भाषेत लिहिली तो मजकूर आणि तुम्ही चित्रित केलेला व्हिडिओ तुमचाच असतो. पुस्तकाचे, चित्रपटाचे किंवा यूट्यूब वाहिनीचे नुसते नाव कॉपीराइटमध्ये बसत नाही. नावाचे रक्षण करायचे असेल तर तो ट्रेडमार्कचा विषय आहे. कोणी मनातली कल्पना चारचौघांत बोलून दाखवली आणि दुसऱ्याने ती आधी लिहून काढली, तर कॉपीराइट पहिल्याच्या मदतीला येत नाही. म्हणून सांगायचे ते लिहून मग सांगावे.

एकाच कृतीत अनेकदा हक्कांचे थर असतात. समजा, एका शाहिराने तुकाराम महाराजांचा अभंग नव्या चालीत गायला आणि त्याचे ध्वनिमुद्रण करून यूट्यूबवर टाकले. अभंगाचे शब्द सतराव्या शतकातले. ते सर्वांचे आहेत. चाल नवी असेल तर ती बांधणाऱ्याची आहे. गाणाऱ्याला कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा असून तो निर्मात्याचा असतो, आणि कायद्याच्या भाषेत निर्माता म्हणजे ते मुद्रण करण्यात पुढाकार घेणारा आणि त्याची जबाबदारी उचलणारा. म्हणजे शाहिराने तासाच्या भाड्याने स्टुडिओ घेऊन स्वतःच्या खर्चाने रेकॉर्डिंग केले तर तोच निर्माता. पण एखाद्या कंपनीने सगळा खर्च करून त्याच्याकडून गाऊन घेतले तर ध्वनिमुद्रण कंपनीचे. म्हणूनच दुसऱ्याच्या वाहिनीवरचा अभंग ‘अभंग तर सगळ्यांचाच’ असे म्हणून उचलून आपल्या रीलखाली लावणे चुकीचे ठरते. अभंग सगळ्यांचा आहे, पण ते ध्वनिमुद्रण सगळ्यांचे नाही.

गीतकार आणि संगीतकार यांच्यासाठी २०१२ च्या दुरुस्तीने एक मोठी गोष्ट केली आहे. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात त्यांची कृती वापरली गेली, तर पुढच्या वापरांतून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा त्यांना मिळतो; चित्रपटाच्या बाबतीत चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाचा तेवढा अपवाद आहे. हा वाटा कायदेशीर वारस किंवा कॉपीराइट संस्था (कलावंतांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्था) यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला सोडून देता येत नाही. ‘एकरकमी पैसे घ्या आणि सगळे हक्क सोडा’ असे कोणी लिहून घेतले तरी रॉयल्टीच्या या वाट्यापुरते ते लिखाण टिकत नाही. जगदीश खेबुडकरांसारखा गीतकार ज्या शहरात राहिला, त्या शहरातल्या आजच्या गीतकारांना ही तरतूद तोंडपाठ असली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मुदतीविषयी थोडक्यात. लेखक, चित्रकार, संगीतकार हयात असेपर्यंत आणि त्यांच्या मृत्यूनंतर पुढच्या जानेवारीपासून मोजून ६० वर्षे हक्क टिकतो. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०३६ च्या अखेरीपर्यंत आहे. बाबूराव पेंटर १९५४ मध्ये गेले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या चित्रांवरचा हक्क २०१४ च्या अखेरीस संपला. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांची ६० वर्षे मात्र प्रकाशनापासून मोजली जातात. टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: खरी ओळख उघड झाली नाही तर मुदत प्रकाशनापासूनच मोजली जाते. टोपणनाव खुशाल वापरावे, पण खरे नाव कोठे तरी नोंदलेले असावे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. कृती प्रसिद्ध करण्यापूर्वी सर्वांत आधी ठरवायचे ते हे, की ती खरोखर तुमच्या मालकीची आहे का. हाताने केली म्हणजे आपलीच झाली, असे नेहमी नसते. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून केलेले काम वेगळा करार नसेल तर मालकाचे असते. त्याहून अधिक गोंधळ छायाचित्रे आणि व्यक्तिचित्रे यांच्या बाबतीत होतो. कोणी पैसे देऊन तुमच्याकडून छायाचित्र काढून घेतले, व्यक्तिचित्र रंगवून घेतले किंवा चित्रफीत करून घेतली, तर उलट करार नसेल तेव्हा पहिला मालक तो गिऱ्हाईक असतो, तुम्ही नव्हे. पन्हाळ्यावर प्री-वेडिंगचे छायाचित्रण करणाऱ्या फोटोग्राफरने ती छायाचित्रे जाहिरातीसाठी आपल्या पानावर टाकण्यापूर्वी जोडप्याची लेखी संमती घेतली पाहिजे. बुकिंगच्या पावतीवरच दोन ओळी छापून त्यांच्याखाली सही घेतली तर पुढचा सगळा त्रास वाचतो. याच्या उलट, चित्रकाराने स्वतःच्या मनाने रंगवलेले चित्र प्रदर्शनात विकले गेले, तर गिऱ्हाइकाला मिळतो तो कॅनव्हास. चित्राचे पुनर्मुद्रण करण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. चित्र भिंतीवर लावावे; त्याची दिनदर्शिका छापायची असेल तर चित्रकाराला विचारावे लागेल. विकत घेणाऱ्यांना हे ठाऊक नसते, आणि खेदाची गोष्ट अशी, की विकणाऱ्यांनाही नसते.

हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. तोंडी दिलेला शब्द कायद्याच्या दृष्टीने हस्तांतरण होत नाही. कागदावर कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात हे लिहिलेले असावे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो, आणि वेगळे काही ठरलेले नसेल तर एका वर्षात न वापरलेले हक्क परत तुमच्याकडे येतात. हे नियम कृती निर्माण करणाऱ्याच्या बाजूचे आहेत, म्हणून घाईघाईने ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी, सर्व माध्यमांसाठी’ असे लिहिलेल्या कागदावर सही करताना आपण नेमके काय सोडून देत आहोत याचा विचार करावा. हक्क दिल्यानंतरही दोन गोष्टी निर्मात्याकडे राहतात: ही कृती माझी आहे असे सांगण्याचा हक्क, आणि तिची मोडतोड करून आपल्या लौकिकाला बाधा आणली जात असेल तर ती थांबवण्याचा हक्क. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे विज्ञान भवनातले भित्तिशिल्प काढताना त्याची नासधूस झाली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच नैतिक हक्काच्या आधारे ते अवशेष त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. शिल्प सरकारने विकत घेतलेले होते, तरीही.

मालकी ठरली की पुरावा. याबाबत माझा स्वतःचा एक अनुभव आहे आणि तो सांगितल्याशिवाय हा मुद्दा पटणार नाही. काही वर्षांपूर्वी आषाढात पन्हाळ्यावर तीन दरवाजाच्या कमानीतून धुके आत शिरत असताना मी एक छायाचित्र काढले होते. कमानीखाली एक कुत्रे अंग झाडत उभे होते आणि त्याच्या अंगावरून उडालेले पाण्याचे थेंब धुक्यात स्पष्ट दिसत होते. आवडले म्हणून ते व्हॉट्सअॅपच्या एका गटात पाठवले. मेमरी कार्ड भरले तेव्हा मूळ फाईल पुसून टाकली. पुढच्या वर्षी एका व्यापाऱ्याच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जुलैच्या पानावर तेच कुत्रे, तेच थेंब. दिनदर्शिका छापणाऱ्याकडे गेलो, तर त्याने शांतपणे विचारले, ‘हा फोटो तुमचाच कशावरून?’ माझ्याकडे दाखवण्यासारखे होते ते फक्त व्हॉट्सअॅपवरून परत उतरवून घेतलेले, आकाराने लहान झालेले चित्र; तेवढे तर त्याच्याकडेही होते. हक्क माझा होता, आहे आणि मी गेल्यानंतर ६० वर्षे राहील, पण त्या दिवशी मी तो दाखवू शकलो नाही.

डिजिटल छायाचित्राच्या मूळ फाईलमध्ये तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे मॉडेल, लेन्स, शटरचा वेग यांची माहिती दडलेली असते. व्हॉट्सअॅपवर छायाचित्र म्हणून पाठवले की ती माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर टिकते. समाजमाध्यमांवर चढवतानाही ती बहुतेक गळून पडते. म्हणून मूळ फाईल, आणि कॅमेऱ्यात सोय असेल तर रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली) फाईल, कधीही पुसू नये आणि कोणालाही देऊ नये. एकाच वेळी काढलेली आजूबाजूची, फसलेलीसुद्धा छायाचित्रे ठेवावीत, कारण चोराकडे एकच छायाचित्र असते आणि तुमच्याकडे त्याच्या आधीची आणि नंतरची वीस असतात. चित्रकाराने कच्ची रेखाटने तारखेसह ठेवावीत आणि अर्धवट अवस्थेतल्या चित्राचे फोटो काढत जावे. लेखकाने खाडाखोड केलेली वही जपावी. संगणकावर लिहीत असेल तर प्रत्येक मसुदा नव्या नावाने साठवावा. प्रसिद्धीच्या आदल्या दिवशी अंतिम फाईल स्वतःला ई-मेलने पाठवून ठेवणे हा बिनखर्चाचा आणि उपयोगी उपाय आहे. हस्तलिखित पाकिटात बंद करून रजिस्टर पोस्टाने स्वतःच्याच पत्त्यावर पाठवायचे आणि पाकीट न फोडता ठेवायचे, ही जुन्या लोकांची पद्धत आहे. ती करू नये असे नाही, पण तिच्यावर विसंबून राहू नये, कारण मोकळे पाकीट आधी पाठवून नंतर आत काहीही भरता येते आणि न्यायालयाला ते माहीत आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना एक प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाईलची हॅश नोंदवावी लागते. हॅश म्हणजे फाईलमधल्या माहितीवरून गणिताने काढलेली अक्षर-अंकांची ओळ. चित्रातला एक ठिपका बदलला तरी ती संपूर्ण बदलते. माणसाच्या अंगठ्याचा ठसा असतो तसा हा फाईलचा ठसा. कोणत्याही संगणकावर तो मोफत काढता येतो. मूळ फाईलची हॅश काढून ती त्या ई-मेलमध्येच लिहून ठेवली, तर पाच वर्षांनी ‘ही फाईल तेव्हापासून बदललेली नाही’ हे सिद्ध करणे सोपे जाते.

यानंतर नोंदणी. ती सक्तीची नाही हे आधी सांगितले. मग करायचीच कशाला? येथे सातबाऱ्याचेच उदाहरण घेऊ. सातबाऱ्यावर नाव लागल्याने जमिनीची मालकी निर्माण होत नाही, ती खरेदीने किंवा वारशाने आलेली असते. पण सातबाऱ्यावर नाव असले की उलट सिद्ध होईपर्यंत ती नोंद खरी धरली जाते आणि सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर जातो. कॉपीराइटच्या नोंदवहीतली नोंदही तशीच प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. नवी दिल्लीतल्या द्वारका येथे कॉपीराइट कार्यालय आहे, परंतु तेथे जाण्याची गरज नाही. त्यांच्या संकेतस्थळावर फॉर्म १४ भरून, शुल्क देऊन आणि कृतीची प्रत जोडून घरबसल्या अर्ज करता येतो. साहित्य, नाट्य, संगीत किंवा कलाकृती यांसाठी प्रत्येक कृतीमागे ५०० रुपये, कलाकृती एखाद्या मालावर वापरली जात असेल किंवा वापरता येण्याजोगी असेल तर २००० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २००० रुपये आणि चित्रपटासाठी ५००० रुपये असे शुल्क आहे. अर्ज गेला की डायरी क्रमांक, म्हणजे अर्जाचा नोंद क्रमांक, मिळतो, त्यानंतर कोणाला हरकत घ्यायची असेल तर त्यासाठी ३० दिवस थांबावे लागते, मग छाननी होते आणि त्रुटी निघाल्यास पत्र येते. प्रमाणपत्र हाती यायला बरेच महिने लागू शकतात, पण त्यासाठी प्रसिद्धी थांबवण्याचे कारण नाही. अप्रकाशित म्हणून अर्ज करावा, डायरी क्रमांक घ्यावा आणि मग कृती प्रसिद्ध करावी. प्रकाशनाची माहिती नंतर वेगळा अर्ज करून नोंदीत भरता येते.

नोंदणी प्रत्येकाने प्रत्येक गोष्टीची करावी असे मी म्हणणार नाही. रोज एक चारोळी लिहिणाऱ्याने प्रत्येक चारोळीमागे ५०० रुपये भरणे शहाणपणाचे नाही. वर्षभराच्या कविता एका शीर्षकाखाली संग्रह म्हणून एकत्र करून एकच अर्ज करावा. कादंबरी, पटकथा, अल्बम, मालावर छापले जाणारे चित्र, म्हणजे ज्यात पैसा गुंतलेला आहे किंवा जे कोणाला तरी वाचायला देऊन त्याच्या होकाराची वाट पाहायची आहे, त्याची मात्र आधी नोंदणी करावी. पटकथेची तर ती चित्रपटनिर्मात्याला दाखवण्यापूर्वीच करावी. अर्ज स्वतः भरता येतो. ‘कॉपीराइट मिळवून देतो’ असे सांगून भरमसाट फी मागणाऱ्यांकडे जाण्यापूर्वी तो फॉर्म एकदा स्वतः उघडून पाहावा.

कोल्हापूरच्या कारागिरांसाठी येथे एक धोक्याची सूचना वेगळी आणि ठळकपणे द्यायला हवी. गुजरीतला सोनार साजाचे नवे पान घडवतो, पापाची तिकटीजवळचा चप्पल बनवणारा वेणीचा नवा नमुना बसवतो आणि दोघेही तो लगेच व्हॉट्सअॅप स्टेटसला लावतात. वस्तूच्या आकारावर आणि नक्षीवर कॉपीराइटचे संरक्षण फार काळ टिकत नाही: डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगे पण नोंदवलेले नसलेले डिझाइन औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त नगांवर उतरले, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. अशा वस्तूसाठी २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. ती आधी १० वर्षे आणि नूतनीकरणानंतर आणखी ५ वर्षे टिकते. मात्र त्या नोंदणीसाठी डिझाइन नवे, म्हणजे आधी कोठेही प्रसिद्ध न झालेले असावे लागते. तुम्ही स्वतःच ते इंटरनेटवर टाकलेत तर तुमच्याच हाताने तुमची नोंदणी बाद होण्याची वेळ येते. चित्राच्या बाबतीत ‘आधी टाका, नोंदणी मागाहून’ चालते. डिझाइनच्या बाबतीत ते चालत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन हे आणखी वेगळे आहे. ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या ठरावीक जिल्ह्यांत परंपरेने होणाऱ्या चपलेचे नाव जपते; एका कारागिराने घडवलेल्या नव्या नमुन्याचे रक्षण त्यातून होत नाही.

आता प्रत्यक्ष प्रसिद्धीच्या दिवसाकडे. इंटरनेटवर सर्वांना दिसेल असे टाकणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने प्रकाशनच. कथा-कविता लिहिणाऱ्यांनी हे विशेषतः लक्षात घ्यावे, कारण दिवाळी अंकांचे संपादक बहुधा अप्रकाशित साहित्य मागतात आणि फेसबुकवर टाकलेली कविता त्यांच्या लेखी प्रकाशितच असते. चित्र किंवा छायाचित्र टाकताना मोठी मूळ प्रत न टाकता पडद्यावर नीट दिसेल एवढी लहान प्रत टाकावी. तिच्यावरून चांगली छपाई होत नाही, आणि मोठी प्रत कोणाकडे आहे हा प्रश्नच पुढे मालकीचा पुरावा ठरतो. सही कोपऱ्यात न करता अशा जागी करावी, की ती कापली तर चित्रही बिघडेल. समाजमाध्यमांच्या अटी वाचाव्यात. फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांच्या अटींनुसार मालकी तुमचीच राहते, पण ती कृती वापरण्याचा, जगभर लागू असलेला, विनामूल्य आणि पुढे इतरांनाही देता येईल असा परवाना तुम्ही कंपनीला देत असता. एखाद्या छायाचित्र स्पर्धेच्या नियमांत ‘आलेल्या सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकांकडे राहतील’ असे वाक्य असेल तर ते याहून पुष्कळ गंभीर आहे. बक्षीस एकाला आणि छायाचित्रे सगळ्यांची जातात. आपली कृती लोकांनी मोकळेपणाने वापरावी असे वाटत असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावावा, मात्र एकदा दिलेला तो परवाना मागे घेता येत नाही.

एवढे करूनही चोरी झालीच, तर प्रथम शांतपणे पुरावा गोळा करावा: पानाचा पूर्ण पत्ता, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, आणि शक्य असेल तर त्या पानाची चित्रफीत. भांडणाची टिप्पणी आधी टाकली तर समोरचा पान पुसून मोकळा होतो. प्रत्येक वापर चोरी नसतो, हेही ध्यानात ठेवावे. परीक्षणात चार ओळी उद्धृत करणे, बातमीसाठी किंवा अभ्यासासाठी मर्यादित वापर करणे याला कायद्याची मुभा आहे, आणि बिनबुडाच्या कायदेशीर धमक्या दिल्या तर उलट तुमच्यावरच दावा होऊ शकतो. उल्लंघन स्पष्ट असेल तर ज्या संकेतस्थळावर ती कृती आहे त्याला लेखी तक्रार द्यावी. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतील नियम ७५ प्रमाणे, मालकीचा तपशील आणि पानाचा पत्ता दिलेली योग्य तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत त्या मध्यस्थाने, म्हणजे संकेतस्थळाने, ती कृती लोकांना दिसणे थांबवायचे असते. ही बंदी २१ दिवसांची असते. तेवढ्या दिवसांत सक्षम न्यायालयाचा आदेश आणून दिला नाही, तर त्याला ती कृती पुन्हा दाखवता येते. जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे.

दिवाणी दाव्यासाठी दूरच्या शहरात जावे लागेल या भीतीने अनेक जण गप्प बसतात. त्यांनी कॉपीराइट कायद्याचे कलम ६२ पाहावे: उल्लंघन करणारा मुंबईचा असो वा दिल्लीचा, हक्कधारक जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयात त्याला दावा दाखल करता येतो. कोल्हापूरच्या चित्रकाराला तो कोल्हापुरातच दाखल करता येईल. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले आहे, त्यामुळे पुढचे अपीलही आता गावातच चालू शकते. त्या २१ दिवसांत वकिलाकडे जाताना मूळ फाईल, तिची हॅश लिहिलेला तो ई-मेल, कच्ची रेखाटने किंवा आजूबाजूची छायाचित्रे, नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा निदान डायरी क्रमांक, आणि उल्लंघनाचे स्क्रीनशॉट एवढे सोबत न्यावे.